झेन, झाडू आणि नावाचा प्रश्न



आपल्या अभ्यासवर्गात मागे दोन-तीन वेळा 'झेन' हा शब्द निघाला. नववीतल्या एका मुलाला तो ऐकून मारुतीची जुनी मोटार आठवली. १९९३ साली त्या नावाची गाडी बाजारात आली होती आणि बरीच वर्षे रस्त्यांवर दिसे, तेव्हा त्याचे फारसे चुकले नाही. एका तरुण उपासकाने तो शब्द मोबाइलमधल्या ध्यानाच्या कार्यक्रमात ऐकला होता. काही वडीलधाऱ्यांना पुण्याचे कोरेगाव पार्क आठवले, कारण रजनीशांनी आपल्या अखेरच्या वर्षांत तेथे झेनवर पुष्कळ प्रवचने दिली. पण एका उपासिकाबाईंनी जे विचारले ते महत्त्वाचे होते. त्या म्हणाल्या, "सर, झेनवाले आपल्यासारखेच बौद्ध ना? मग त्यांच्यात जातपात नसेलच."

या 'नसेलच'साठी हा पाठ लिहीत आहे. दीक्षा घेऊन नुकतेच घरातले देव्हारे उतरवलेल्या कुटुंबांना असे वाटणे साहजिक आहे. बुद्धाचे नाव जेथे आहे तेथे समता असलीच पाहिजे, असे आपण धरून चालतो. ती असली पाहिजे हे खरे. ती असते की नाही हे मात्र पाहावे लागते.

प्रथम शब्द. पाली भाषेत ध्यानाला 'झान' म्हणतात. हाच शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानात गेल्यावर 'झेन' झाला. म्हणजे शब्द आपल्याच घरचा, दोन देशांचे पाणी पिऊन परत आलेला. परंपरा असे सांगते की, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी दक्षिण भारतातून बोधिधर्म नावाचा भिक्खू चीनला गेला आणि तेथे त्याने हा पंथ रुजवला. २०११ साली आलेल्या एका तमिळ चित्रपटात सूर्या या नटाने बोधिधर्माचे काम केल्यापासून आपल्याकडच्या मुलांनाही हे नाव थोडेफार ठाऊक झाले आहे. चित्रपटातले चमत्कार सोडून द्यावेत. बोधिधर्माची जी गोष्ट चीनमध्ये सांगतात ती अधिक उपयोगाची आहे. लिआंग घराण्याच्या वू या सम्राटाने त्याला विचारले, मी इतके विहार बांधले, इतक्या भिक्खूंना पोसले, मला पुण्य किती लागले? बोधिधर्माने सांगितले, काहीच नाही. ज्यांच्या घरी कालपरवापर्यंत नवसाचे कोंबडे आणि पुण्याचे हिशेब होते त्यांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी.

त्याहून मोठी गोष्ट हुइनेंगची आहे. सातव्या शतकातला हा माणूस. त्याचा जन्म ६३८ सालचा आणि मृत्यू ७१३ सालचा. बाप लहानपणी गेलेला, आई आणि मुलगा दोघेच. रानातून लाकडे तोडून आणायची, बाजारात विकायची, त्यावर पोट भरायचे. अक्षरओळख नाही. राहणार चीनच्या अगदी दक्षिणेकडील मुलखाचा. उत्तरेकडचे लोक त्या मुलखाच्या माणसांना रानटी समजत. एके दिवशी मोळी पोहोचवायला गेला असता कोणीतरी वज्रच्छेदिका सूत्र म्हणत असलेले त्याच्या कानी पडले, आणि ते शिकायचेच असे ठरवून तो दूरच्या डोंगरातील होंगरेन या आचार्याकडे गेला. आचार्याने पहिलाच प्रश्न असा केला की, तू दक्षिणेचा, रानटी, तू बुद्ध कसा होणार? निरक्षर लाकूडतोड्या उत्तरला की, माणसांत उत्तरेचा-दक्षिणेचा असा भेद असेल, पण बुद्धत्वाला दिशा नसते.

बंधूंनो, हे उत्तर ऐकून आचार्याने त्याला मानाच्या पाटावर बसवले असे समजू नका. त्याला कांडणशाळेत पाठवले. आठ महिने तो पायाने चालवायच्या उखळावर भात कांडत होता. अंगाने हलका होता, म्हणून वजन पडावे यासाठी तो कमरेला दगड बांधी, असे परंपरा सांगते. पुढे आचार्याने वारस निवडण्यासाठी सर्वांना आपली समज पद्यात लिहायला सांगितली. मठातल्या विद्वान शिष्याने भिंतीवर लिहिले. हुइनेंगला लिहिता येत नव्हते. त्याने दुसऱ्याकडून आपले पद्य लिहवून घेतले. आचार्याने मध्यरात्री बोलावून चीवर त्याच्या हवाली केले आणि लगेच निघून जाण्यास सांगितले, कारण भात कांडणाऱ्याला चीवर मिळालेले इतरांना सहन होणार नव्हते.

ही गोष्ट मी सातवीच्या वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुले रात्रीच्या पळून जाण्याशी थबकतात. "सर, सगळे एकाच मठातले ना, मग पळायचे कशाला?" असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वयात येता येता त्यांना आपोआप मिळते.

झेनची दुसरी मोठी देणगी म्हणजे अंगमेहनतीला दिलेला मान. चीनमधील बायजांग हा आचार्य म्हातारपणीही शेतात राबे. शिष्यांना दया आली म्हणून त्यांनी त्याची अवजारे लपवून ठेवली. त्या दिवशी काम झाले नाही म्हणून बायजांग जेवला नाही. अवजारे परत मिळाली तेव्हा तो परत जेवू लागला. भिक्षेवर जगणारा संघ शेती करू लागला, हा बदल लहान नव्हता.

पुढे तेराव्या शतकात जपानचा दोगेन हा तरुण भिक्खू १२२३ साली चीनला गेला. एका मठात त्याला भर दुपारी अडुसष्ट वर्षांचा म्हातारा स्वयंपाकी भिक्खू उन्हात अळंबी वाळवताना दिसला. हातात बांबूची काठी, डोक्यावर टोपी नाही, पाठ धनुष्यासारखी वाकलेली. दोगेन म्हणाला, हे काम दुसऱ्या कोणाला का सांगत नाही? म्हातारा म्हणाला, दुसरा म्हणजे मी नव्हे. मग दोगेनने विचारले, इतक्या उन्हात कशाला? म्हाताऱ्याने विचारले की, मग कोणत्या वेळी करू? दोगेन मायदेशी परतला आणि १२३७ साली त्याने मठाच्या स्वयंपाक्यासाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. तांदूळ कसा निवडावा, खडा कसा काढावा, भांडी कोठे ठेवावीत, उद्याच्या जेवणाचा विचार आज रात्री कसा करावा, हे सर्व त्यात आहे. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्याने तांदळातल्या खड्यांवर लिहावे, याचे आपल्या स्त्रियांना कौतुक वाटेल. हसूही येईल. कारण त्यांनी जन्मभर हेच केले आणि त्याला तत्त्वज्ञान कोणी म्हटले नाही.

येथे मात्र आपण थांबून नीट विचार केला पाहिजे. झेनचे भिक्खू पहाटे उठून अंगण झाडतात, संडास धुतात, आणि ते ध्यानाचाच भाग मानतात. परदेशी पुस्तकांत झाडणाऱ्या भिक्खूचे चित्र हमखास असते. चित्र सुंदर आहे. पण आपल्या हाती ते चित्र आले की आपल्याला दुसरा एक झाडू आठवतो. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून, आपलीच पावले पुसत चालावे लागे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात नोंदवले आहे. हुइनेंगने कमरेला दगड बांधला तो आपले काम नीट व्हावे म्हणून. आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू दुसऱ्याने बांधला. बाहेरून दोन्ही माणसे कमरेला ओझे बांधलेलीच दिसतील. पण पहिला ते केव्हाही सोडू शकत होता.

म्हणून कोणी सुशिक्षित गृहस्थ आपल्याला सांगू लागला की, कोणतेही काम हलके नसते, झाडणे हेही ध्यान आहे, तर त्याला नम्रपणे विचारावे : मग आपल्या घरचे कोण झाडते? जो झाडू ठेवून दुसरे काम घेऊ शकतो त्याच्यासाठी झाडणे ध्यान होऊ शकेल. ज्याच्या बापाने गटारात उतरून जीव गमावला त्याला हे सांगणे क्रूरपणाचे आहे. स्वतःच्या घरातला केर मात्र नवऱ्याने काढावा, मुलाने काढावा, आणि मन लावून काढावा. एवढे झेन आपल्या प्रत्येक घरात यायला हरकत नाही. बाईने दिवसभर राबायचे आणि पुरुषाने संध्याकाळी पंधरा मिनिटे डोळे मिटून 'साधक' म्हणवून घ्यायचे, याला दोगेनच्या त्या म्हाताऱ्या स्वयंपाक्याने काय म्हटले असते?

आता झेन जगभर कसे पसरले ते थोडक्यात पाहू. १८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. तिच्या आयोजनात उदारमतवादी ख्रिस्ती मंडळींचा, विशेषतः युनिटेरियन पंथाचा, मोठा हात होता. हे लोक ईश्वर एक मानत, येशूला ईश्वर न मानता थोर माणूस मानत आणि कोणत्याही धर्मातले चांगले ते घ्यावे असे म्हणत. पुढे १९६१ साली या पंथाचा आणि युनिव्हर्सलिस्ट पंथाचा एक संघ झाला. त्यांच्यात आज ईश्वर मुळीच न मानणारेही सभासद आहेत आणि काही ठिकाणी त्यांच्या सभागृहांत झेनची बैठकही भरते. तर त्या परिषदेला जपानहून शाकू सोएन हे झेन आचार्य गेले होते. तेथे त्यांची पॉल कारुस यांच्याशी ओळख झाली. कारुस हे मूळचे जर्मन. स्वतंत्र धर्ममतांपायी मायदेशातील शिक्षकाची नोकरी सोडून ते अमेरिकेत आले होते आणि इलिनॉय राज्यातील ला सॅल या गावी जस्ताचे कारखानदार असलेल्या आपल्या सासऱ्यांच्या पैशावर 'ओपन कोर्ट' नावाचे मुक्तचिंतनाचे नियतकालिक चालवीत होते. धर्म आणि विज्ञान यांचा मेळ बुद्धाच्या शिकवणीत बसतो असे त्यांना वाटले आणि १८९४ साली त्यांनी बुद्धाच्या शिकवणीचे एक पुस्तक रचले. सोएन यांनी आपला तरुण शिष्य सुझुकी याला कारुसकडे पाठवला. तो १८९७ पासून १९०८ पर्यंत तेथे राहिला. हेच पुढे जगप्रसिद्ध झालेले दाइसेत्सू सुझुकी.

म्हणजे पाश्चात्त्यांना झेन मिळाले ते बुद्धिवाद्यांच्या दारातून. आणि गंमत अशी की, आत आल्यावर सुझुकींनी सांगितले की झेन बुद्धीच्या पलीकडचे आहे! त्यांच्या पुस्तकांचा प्रभाव फार मोठा. १९५० नंतरच्या दशकात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवीत, तेव्हा चित्रकार, संगीतकार, मानसशास्त्रज्ञ त्यांच्या वर्गाला जाऊन बसत. अॅलन वॉट्स यांचे झेनवरील पुस्तक १९५७ साली आणि जॅक केरुआक यांची 'धर्म बम्स' ही कादंबरी १९५८ साली आली. मग तरुणांत झेनची लाटच उसळली.

या लाटेतले सर्वांत खपलेले पुस्तक म्हणजे रॉबर्ट पिर्सिग यांचे, मोटारसायकलच्या देखभालीचे नाव असलेले, १९७४ सालचे. १२१ प्रकाशकांनी ते नाकारले होते, असे सांगतात. त्यात झेन थोडे आणि मोटारसायकलही बेताचीच आहे, पण एक प्रसंग आपल्या कामाचा आहे. त्यातला नायक तरुणपणी काशीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला येतो. प्राध्यापक महाशय जग माया असल्याचे वर्गात सांगत असतात. तो उठून विचारतो, हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले बॉम्बही माया होते का? प्राध्यापक हसून होकार देतात. नायक वह्या आवरून वर्गाबाहेर पडतो आणि भारत सोडून मायदेशी जातो. स्वतः पिर्सिग काशीला शिकले होते. दुःख आहे, हे तथागतांचे पहिले आर्यसत्य आहे. दुःख हा भास आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. परदेशी तरुणाला जे एका तासात कळले ते या देशातील पंडितांना कळू नये, याचे आश्चर्य वाटत नाही. ज्याच्या अंगावर बॉम्ब पडत नाही त्याला तो माया वाटणे सोपे असते.

सुझुकींना सडेतोड विचारणारा एक मनुष्य होता. चिनी इतिहासकार हू शी. हे नाव लक्षात ठेवावे. १९१५ साली ते कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले. त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळात, त्याच विद्यापीठात आणि त्याच ड्यूईंच्या वर्गात आपले बाबासाहेबही होते. एक चीनचा, एक भारताचा. दोघांनीही आपापल्या देशातील जुन्या ग्रंथांना पुढे पुरावा मागितला. हू शी यांनी १९२६ साली पॅरिस आणि लंडन येथील ग्रंथालयांत जाऊन दुन्हुआंगच्या गुहांत सापडलेली जुनी हस्तलिखिते तपासली आणि दाखवून दिले की, हुइनेंगच्या मोठेपणाची कथा बऱ्याच अंशी त्याचा शिष्य शेनहुइ याच्या प्रचारातून उभी राहिली आहे. १९५३ साली हू शी आणि सुझुकी यांचा वाद एका तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. हू शींचे म्हणणे, झेन ही चिनी इतिहासातली एक चळवळ आहे आणि ती इतिहासातच ठेवून समजून घेता येते. सुझुकींचे म्हणणे, झेनला इतिहास आणि बुद्धी स्पर्श करू शकत नाहीत. ते आतूनच कळते.

कोणी म्हणेल, मग लाकूडतोड्याची गोष्ट खोटी का? तिच्यातला तपशील रचलेला असू शकेल. पण शेकडो वर्षे चीनच्या लोकांना आपला श्रेष्ठ आचार्य निरक्षर, दक्षिणेचा, भात कांडणारा असावा असे वाटले, हे तर खोटे नाही. मला हू शी आवडतात आणि हुइनेंगही आवडतो. या दोघांपैकी एकालाच घरात घ्यायचे असा नियम नाही.

परंतु 'आतूनच कळते, बाहेरून विचारू नका' हे म्हणणे कोठे नेते, ते पाहण्यासाठी जपानच्या स्मशानात जावे लागेल.

जपानमध्येही अस्पृश्य होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. कातडे कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे, फाशीची कामे करणारे लोक तेथे गावाबाहेरच्या वस्त्यांत राहत. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात, म्हणजे 'वस्तीतले लोक'. वंश तोच, भाषा तीच, चेहरा तोच. ओळखायचे ते पत्त्यावरून. १८७१ साली सरकारने फर्मान काढून त्यांचा नीच दर्जा कायद्याने रद्द केला. १९२२ साली क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभी केली. तिच्या नावाचा अर्थच समपातळीचा संघ असा आहे.

आता बौद्ध मंदिरांनी काय केले ते ऐका. तोकुगावा राजवटीत प्रत्येक कुटुंबाला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवणे सक्तीचे होते. मनुष्य मेला की भिक्खू त्याला धम्मनाम देत. त्याला 'काइम्यो' म्हणतात. ते नाव मंदिराच्या मृतांच्या वहीत लिहीत आणि थडग्याच्या दगडावर कोरीत. बुराकुमिन मेला की त्याच्या काइम्योत 'पशू', 'दास', 'नीच', 'कातडे' अशा अर्थाची अक्षरे घालण्यात येत. आणि त्यांतला एक शब्द आपल्या काळजाला चटका लावणारा आहे. तो शब्द 'सेंदारा'. हा मूळचा कोठला शब्द असेल? चांडाळ! संस्कृतातला चांडाळ शब्द ग्रंथांच्या पोथडीत बसून चीनमार्गे जपानला गेला आणि तेथे गरीब माणसाच्या थडग्यावर जाऊन बसला. ज्याने आपला धम्म बुद्धाचा म्हणून आयुष्यभर मंदिराला धान्य घातले त्याला मेल्यावर बुद्धाच्या नावाने चांडाळ म्हटले.

हे एका झेनने केले असे नाही. बुराकुमिनांपैकी बहुतेक लोक जोदो शिन्शु या दुसऱ्या पंथाचे आहेत आणि इतर पंथांच्या मंदिरांतही अशी नावे सापडली. पण दोगेनच्या सोतो झेन पंथातही ती होती, हे विसरता येत नाही. १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली असता, सोतो पंथाचे प्रमुख अधिकारी माचिदा यांनी, जपानमध्ये असा भेदभाव आता उरलेला नाही असे सांगून अहवालातील बुराकुमिनांचा उल्लेख काढायला लावला. बुराकुमिनांच्या संघटनेने याचा जाब विचारला. चौकशी सुरू झाली तशी दगडांवरची अक्षरे एकेक करून पुढे येऊ लागली. त्या मृतांच्या वह्याही निघाल्या. लग्न जमवताना मुलाचे वा मुलीचे मूळ कोणते हे पाहायला या वह्या वापरल्या जात होत्या. पुढे माचिदा यांनी माफी मागितली, पंथाने मानवी हक्कांचे स्वतंत्र खाते काढले आणि ती नावे बदलून देण्याचे काम हाती घेतले. हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण जाब विचारला कोणी? भिंतीकडे तोंड करून बसलेल्यांनी नाही. ज्यांच्या आजोबांचे नाव त्या दगडावर होते त्यांनी विचारला.

या प्रकरणातून एक फार महत्त्वाची गोष्ट घडली. सोतो पंथाच्याच कोमाझावा विद्यापीठातील हाकामाया आणि मात्सुमोतो या दोन अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात प्रश्न केला की, सर्वांच्या ठायी बुद्धत्व आहेच, सर्व काही मुळातच एक आणि परिपूर्ण आहे, या शिकवणीतच भेदभावाची सोय दडलेली नाही का? सर्व मुळातच ठीक असेल तर बदलायचे काय? उच्च आपल्या जागी परिपूर्ण, नीच आपल्या जागी परिपूर्ण! त्यांचे म्हणणे असे की, बुद्धाची खरी शिकवण प्रतीत्यसमुत्पादाची आहे. प्रत्येक गोष्टीला कारण असते, आणि कारण काढले की ती गोष्ट जाते. चूल पेटली आहे म्हणून दूध उतू जाते, चूल विझवा. दुधाचा मूळ स्वभावच उतू जाण्याचा, असे म्हणत बसू नका. हाकामायांच्या या मताला पुढे 'चिकित्सक बौद्धमत' असे नाव पडले. हुइनेंगच्या त्या सुंदर उत्तरावरही ही टीका पोहोचते, हे मी लपवीत नाही. बुद्धत्वाला दिशा नसते, हे आचार्याला तोंडावर सुनावणाऱ्या गरिबाच्या तोंडी बंड असते. तेच वाक्य मठाधिपतीच्या तोंडी गेले की अंगाई होऊ शकते.

आणखी एका माणसाची ओळख करून दिल्याशिवाय पाठ पुरा होणार नाही. उचियामा गुदो. जन्म १८७४. हाकोने डोंगरातील एका गरीब गावच्या रिन्सेनजी या सोतो झेन मंदिराचा हा भिक्खू. गावचे शेतकरी कुळे. पिकाचा मोठा वाटा खंडात जाई, उरलेला करात, आणि तरणा मुलगा सैन्यात. १९०४ साली रशियाशी युद्ध झाले तेव्हा शिकागोला गेलेले तेच शाकू सोएन सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेले होते. गुदोने उलटी वाट धरली. १९०८ साली त्याने गुपचूप एक छोटे छापयंत्र मिळवले, ते मंदिरात बुद्धमूर्तीच्या मागे लपवले आणि कुळांसाठी एक पत्रक छापून सुमारे हजार प्रती वाटल्या. तुम्ही गरीब का आहात, असा त्या पत्रकातला प्रश्न होता. मागल्या जन्मीच्या पापामुळे गरिबी येते असे भिक्खू सांगतात, ती अंधश्रद्धा आहे. तुम्ही गरीब आहात कारण तुमचे पीक दुसरे नेतात, असे त्याने लिहिले. सम्राट देवांचा वंशज आहे हेही त्याने अमान्य केले.

पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मी दारिद्र्य आणि नीच कूळ मिळते, या कल्पनेला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धम्मात जागा दिली नाही, हे आपण मागे शिकलो आहोत. जपानच्या डोंगरातील एका गावभिक्खूने तीच गोष्ट पन्नास वर्षे आधी कुळांना सांगितली होती. १९०९ साली त्याला पकडले. १९१० साली सोतो पंथाने त्याला संघातून काढून टाकले. सम्राटाविरुद्धच्या कटाच्या खटल्यात २४ जानेवारी १९११ रोजी त्याला फाशी दिली, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. १९९३ साली, म्हणजे त्र्याऐंशी वर्षांनी, त्याच पंथाने त्याचे भिक्खुपद त्याला परत दिले. त्याआधी १९९२ साली पंथाने युद्धकाळातील आपल्या वागणुकीबद्दल जाहीर क्षमायाचना केली होती.

तेव्हा उपासिकाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे : झेनवाले बौद्धच आहेत, आणि त्यांच्यात जात होती. बुद्धाचे नाव घेतल्याने ती गेली नाही. त्यांच्यातल्याच काही जणांनी आणि भोगणाऱ्यांनी तिचा माग काढला तेव्हा ती हलली.

आता हा नावाचा प्रश्न जरा आपल्याकडे पाहू. शूद्राचे नाव तिरस्कारदर्शक असावे, असे मनुस्मृतीत लिहून ठेवले आहे; ती १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला जाळली गेली. पण शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात मला ती नावे आजही भेटतात. कचरू, धोंडू, दगडू, भिकू. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून इतर समाजांतही अशी नावे ठेवत, हे मान्य आहे. तरी कोणाच्या वस्तीत ती किती होती, हे रजिस्टरच्या रकान्यांत दिसते. त्याच घराण्याचा नातू आज हजेरीला सिद्धार्थ म्हणून 'हजर' म्हणतो, नात संघमित्रा आहे. जपानमध्ये मेल्यावर जे लादले गेले ते आपल्याकडे जन्मताच मिळे; आणि ते आपल्या लोकांनी स्वतःच्या हाताने बदलले, कोणा पंथाच्या खात्याची वाट पाहिली नाही.

मात्र लग्न जमवताना काय होते? दोन्ही घरी बुद्धवंदना होते, दोन्ही घरी बाबासाहेबांची तसबीर असते, आणि चहा पिता पिता कोणीतरी वडीलधारे हळूच विचारतात, "पूर्वीचे कोणते म्हणायचे?" जपानची ती मृतांची वही दुसरी काय होती? ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल तेथे तरुण मुलांनीच तो अडवावा. मोठ्यांचा अपमान न करता अडवता येतो. "काका, आपण दीक्षेच्या दिवशीच ते सोडले," एवढे म्हटले तरी पुरते.

रोज पहाटे किंवा झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शांत बसण्याला माझी काहीच हरकत नाही. आम्ही घरी बसतो. पाठ ताठ, श्वासावर लक्ष. आनापानसति ही तर तथागतांचीच शिकवण. लहान मूल मांडीवर चढले तर चढू द्यावे. मोबाइलमधल्या घंटेची गरज नाही आणि त्यासाठी महिन्याचे पैसे भरण्याची तर मुळीच नाही.

पुढल्या वर्गात आपण चिकित्सक बौद्धमत आणि प्रतीत्यसमुत्पाद हा विषय घेऊ. तोवर प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. घरातील आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून मागल्या चार पिढ्यांतील माणसांची नावे एका वहीत लिहून काढावीत. स्त्रियांचीही लिहावीत, पुरुषांची नावे पटकन सांगितली जातात, पणजीचे नाव बहुधा कोणाला आठवत नाही, तेव्हा ते आधी विचारावे. नाव कोणी ठेवले, गावात हाक कशी मारीत, शाळेत काय लिहिले गेले, आणि बदलले असल्यास कोणत्या साली व कोणी, हेही शेजारी टिपावे.